दोन अंगठ्यांचा भार

"श्वास सोड," मोरू म्हणाला. "आणि बोलू नकोस."

"तोंड बंद ठेवून श्वास कुठून सोडू? मला सवय नाही त्याची."

"ते अख्ख्या पेणला माहीत आहे."

मी पालथी पडले होते. मोरूच्या दवाखान्यातल्या टेबलाला डोक्याकडच्या बाजूला एक भोक होतं. त्यात तोंड घालून पडायचं, म्हणजे मान सरळ राहते. त्या भोकातून मला फरशी दिसायची आणि माझ्या डोक्याशी उभ्या असलेल्या मोरूची पावलं दिसायची. बाकीचा मोरू दिसायचा नाही. तो फक्त पाठीवर कळायचा.

मोरू म्हणजे मोरेश्वर, माझ्या पाठचा भाऊ. फिजिओथेरपिस्ट. हा शब्द मला कधी धड म्हणता आला नाही. मी लोकांना सांगायची, "आमचा मोरू अंग मोकळं करून देतो," आणि तो चिडायचा. लहानपणी मी त्याच्या पाठीत इतके धपाटे घातले होते, की मोठेपणी त्यानं पाठीचाच धंदा काढला, असं आई म्हणायची.

दुखत होता माझा उजवा खांदा, आणि हा दाबत होता पाठ. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलंसुद्धा, "अरे, घर चुकलास तू. दुखणं पलीकडच्या आळीत राहतं." तेव्हा त्यानं मला आरशासमोर उभं केलं.

"हात वर घे."

मी घेतला. खांद्याच्या पातळीपर्यंत गेला, आणि तिथून पुढे आत कोणीतरी चिमट्यात धरल्यासारखी कळ आली. तरी दात खाऊन मी तो थोडा वर नेला.

"बघ, आता तू चोरी करतेस," मोरू म्हणाला. "हात जात नाही म्हणून अख्खा खांदा कानाकडे नेतेस. मी हात उचलायला सांगितलाय, खांदा नाही."

मग त्यानं समजावून सांगितलं. मानेखालचे, वरच्या पाठीचे मणके ताठले की फऱ्याला, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाला, सरकायला वाव राहत नाही. फरा सरकला नाही, की हात वर नेताना खांद्यातली दोरी दोन हाडांच्या मध्ये सापडते. "दोरी बिचारी ओरडते, पण अडवून धरलंय पाठीनं. पाठ सोडवली की खांदा सुटेल. तू वर्षानुवर्षं मान वर करून, पाठ धरून उभी राहतेस ना, त्याचं हे."

ते मात्र खरं होतं. मी धर्माशेठ म्हात्र्यांच्या कारखान्यात गणपतींचे डोळे करायची. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. छोट्या मूर्ती पाटावर ठेवून फिरवता येतात. पण मंडळांच्या मोठ्या मूर्तींपुढे फळीवर उभं राहून, हात डोक्याच्या वर धरून आखणी करावी लागते, आणि हात थरथरला की संपलं. ब्रशावर किती जोर द्यायचा, त्याला आम्ही हाताचा भार म्हणतो. दोन्ही डोळ्यांना भार अगदी एकसारखा पडावा लागतो. एकीकडे जास्त पडला तर देव तिरळा दिसतो, आणि मग धर्माशेठ तिरळे बघतात.

तर त्या दुपारी मी भोकात तोंड घालून पडले होते आणि मोरूचे दोन अंगठे माझ्या मणक्यांच्या दोन बाजूंनी एकेक पायरी खाली उतरत होते. मोरूचे हात मला चांगले ठाऊक होते. गरम असायचे आणि कधी घाई करायचे नाहीत. पण त्या दिवशी काहीतरी वेगळं वाटत होतं. जरा वेळानं मला कळलं की काय ते.

"उजवा हात जेवला नाही का रे आज?" मी विचारलं.

"काय?"

"भार सारखा नाही. डावा अंगठा नीट बसतोय. उजवा नुसता ठेवल्यासारखा वाटतोय."

अंगठे थांबले. मी त्याच्या पावलांकडे बघत होते. ती जागची हलली नाहीत.

"तुझी पाठच वाकडी आहे," तो म्हणाला, आणि हसला. हसण्यात दम नव्हता.

मी उठून बसले, पदर नीट केला. तो खिडकीशी नॅपकिनला हात पुसत होता. त्याच्या उजव्या हाताकडे माझं लक्ष गेलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मध्ये, हाताच्या मागच्या बाजूला जी मांसाची उशी असते, ती बसली होती. तिथे खळगा पडला होता. माझं सगळं आयुष्य फुगवटे आणि खळगे बघण्यात गेलंय. कुठल्या सोंडेला माती कमी पडली हे मला लांबून दिसतं. मी काही बोलले नाही. माझ्या तोंडाला सवय नव्हती, तरी बोलले नाही.

त्याच आठवड्यात वैजू माझ्याकडे आली. वैजू म्हणजे वैजयंती, मोरूची बायको. शाळेत गणित शिकवते, एरवी रडणाऱ्यातली नाही. आली ती सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली.

"वन्सं, तुम्हाला ह्यांनी काही सांगितलं?"

"काय सांगणार? पाठ वाकडी आहे म्हणाला."

"शर्टाची बटणं मी लावून देते आता. परवा कुलूप उघडेना त्यांना. किल्ली आत गेलेली, पण फिरवता येईना. घामाघूम झाले, आणि माझ्यावर ओरडले, की कुलपाला तेल कोण घालणार म्हणून."

"डॉक्टरला दाखवलं?"

"इथल्या डॉक्टरांनी बघितलं. हात बघून त्यांचा चेहराच उतरला. मुंबईला जा म्हणाले, नसांची तपासणी करा. चिठ्ठी दिली आहे. हे जात नाहीत."

"का?"

वैजूनं पदराला नाक पुसलं. "म्हणतात, आधी तायचा खांदा. ताय माझ्याकडे आली आहे, तिचा खांदा मी माझ्या हातानं सोडवला, तर मला काहीही झालेलं नाही. दमलेत हात, एवढंच. आणि नाही सोडवता आला, तर तू म्हणशील तिथे येतो."

मी चहाचं आधण ठेवलं होतं ते उकळून गेलं. म्हणजे माझा खांदा आता माझा राहिला नव्हता.

त्या दिवसापासून मी बरी व्हायला लागले. म्हणजे, व्हायचं ठरवलं. मोरूनं सांगितलेले सगळे व्यायाम केले, भिंतीला टेकून, दाराच्या चौकटीत उभं राहून, टॉवेलाची गुंडाळी पाठीखाली घालून. शेजारची बाई म्हणाली, शालन, या वयात काय सिनेमात जायचंय का? पाणी भरायचं सोडलं. कारखान्यात धर्माशेठना सांगितलं, मोठ्या मूर्ती मला काही दिवस देऊ नका.

"काय गो, मग मोठ्याचं डोलं कोन करील?" ते म्हणाले. "मी केलं तर मंडलवालं मला हान्तील."

"मोरू माझा हात बरा करतोय. झाला की करते सगळे."

"मोरू करतोय ना? मग झालाच," ते म्हणाले. त्यांची कंबर मोरूनंच सरळ केली होती. गावातल्या निम्म्या लोकांचं काही ना काही त्यानं सरळ केलेलं होतं. पंखे बसवणारा वायरमन, खडू धरून फळ्यावर लिहिणारे मास्तर, छताला रंग देणारे, असे खांद्याचे किती लोक त्याच्याकडे यायचे, आणि चारपाच खेपांत मोकळा खांदा घेऊन जायचे. त्याच दुखण्यासाठी मी मात्र खेपांवर खेपा घालत होते.

खांदा ऐकेना. मोरू अंगठ्यांनी दाबायचा, नंतर तळहाताच्या टाचेनं दाबायला लागला, नंतर कोपरानं. मी प्रत्येक वेळी उठून आरशासमोर हात वर न्यायची, आणि तो त्याच जागी अडायचा. मागे उभा असलेला मोरू आरशात माझ्या हाताकडे बघत असायचा, आणि मी त्याच्या तोंडाकडे.

"आज जरा बरं आहे हं," मी म्हणायची.

"चोरी करू नकोस," तो म्हणायचा.

मग एके दिवशी तो म्हणाला, "आज दुसऱ्या तऱ्हेनं करू. उताणी झोप. दोन्ही हात छातीवर घडी घाल, स्वतःलाच मिठी मारल्यासारखे. मी पाठीखाली मूठ ठेवणार, फऱ्यांच्या मध्ये. तू श्वास सोडलास की मी वरून एक झटका देणार. कट् असा आवाज येईल. घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू? तूच घाबरलेला दिसतोस."

त्यानं मला कुशीवर केलं, पाठीखाली मूठ सरकवली आणि परत उताणी केलं. त्याची मूठ मणक्यांना लागली. मग तो माझ्या घडी घातलेल्या हातांवर छाती टेकवून ओणवा झाला. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या इतका जवळ तो तान्हा असल्यापासून कधी आला नव्हता. त्याला दाढीत एक पांढरा पट्टा आला होता, तो मला तेव्हा दिसला.

"सोड श्वास."

मी सोडला. त्यानं भार टाकला. आणि माझ्या पाठीखाली त्याची मूठ उघडली.

मला ती उघडताना कळली. आधी अंगठा बाजूला निसटला, मग बोटं सपाट झाली, आणि माझी पाठ टेबलाला टेकली. आवाज झाला नाही.

"घसरली," मोरू म्हणाला. "परत."

परत मूठ घातली, आणि परत उघडली.

"आणखी एकदा करू?" त्यानं विचारलं. त्यानं असं आधी कधी विचारलं नव्हतं. तो करायचा.

"कर की. मला कुठे जायचंय?"

तिसऱ्या खेपेला त्यानं डोळे घट्ट मिटले होते. सगळं अंग ताणलं होतं, कपाळावरची शीर वर आली होती. माझ्या पाठीखालची बोटं मात्र एकेक करून पसरली. मग तो सरळ झाला, आणि माझ्या पाठीखाली राहिलेला उजवा हात त्यानं डाव्या हातानं धरून बाहेर काढला.

मला काय करावं ते सुचेना. मला रडायला येत होतं, आणि मी रडले तर त्याला कळणार होतं की मला कळलंय. म्हणून मी भांडले. भांडण मला केव्हाही सुचतं.

"तुला मुळात कळतच नाही," मी उठून बसत म्हटलं. "केव्हापासून पाठ पाठ करतोयस! माझं दुखणं पाठीत नाहीच. खांद्यातच काहीतरी फाटलंय. कोणी कितीही दाबलं तरी हे असं बरं व्हायचं नाही."

"पाठीतच आहे."

"नाही."

"ताय, मी हे काम रोज करतो. पाठीतच आहे."

"तू चुकतोयस, मोरू. पास झाला असशील, पण माझ्या बाबतीत चुकतोयस."

मी हे मुद्दाम बोलत होते, आणि बोलता बोलता मला वाटायला लागलं की हे खरंही असेल. का नसेल? माझा खांदा बरा होण्यातला नसेलच, तर कोणाच्याही हातानं तो बरा झाला नसता. मग मोरूच्या हातांचा त्यात दोष कुठे येतो?

"दुसऱ्या कोणाला तरी दाखवू," मी म्हटलं. "तुझ्यासारखंच करणाऱ्या कोणाला तरी. त्यानं केलं आणि तरी हात वर गेला नाही, तर?"

मोरू नॅपकिनची घडी घालत होता. ती नीट पडत नव्हती. तो थांबला.

"तर माझं निदान चुकलं," तो म्हणाला.

तो हे इतक्या आशेनं म्हणाला की मला त्याच्याकडे बघवेना. आमचा मोरू आपलं चुकलं असं जन्मात कबूल न करणारा. शाळेत गणित चुकलं तर पुस्तकातलं उत्तर चुकलंय म्हणायचा. तो माणूस आता मनापासून चुकायला बघत होता.

अलिबागला त्याच्या कॉलेजातली एक मुलगी होती, त्याच्या मागच्या वर्गांतली, रेवती नावाची. तिचा दवाखाना चांगला चालत होता. त्यानं तिला फोन केला. माझ्या बहिणीचा खांदा आहे, तुझं मत हवंय, एवढंच सांगितलं.

जायच्या आदल्या दिवशी मी कारखान्यात गेले. मूर्ती ओळीनं उभ्या होत्या, रंग झालेल्या, दागिने झालेल्या, फक्त डोळे नसलेल्या. सगळ्यांच्या मागे मंडळाचा मोठा गणपती होता. मी त्याच्यापुढे उभी राहिले. याला अजून दिसत नाही, पण ऐकू येत असेल, असं मनाशी धरलं. लोक देवाकडे दुखणं घालव म्हणून मागतात. मी त्याला म्हटलं, माझं राहू दे. जन्मभर राहू दे. उद्या ती पोरगी काय करेल ते करू दे, पण माझा हात वर जाऊ देऊ नकोस. मी तुझे डोळे डाव्या हातानं करायला शिकेन.

अलिबागचा दवाखाना नवा होता, भिंतीवर हाडांचे तक्ते लावलेले. रेवती बारीक चणीची, मनगटं काडीसारखी. तिनं मोरूला "सर, बसा ना," म्हटलं, आणि त्यानं हात खिशात ठेवूनच मान हलवली. मला त्या मनगटांकडे बघून धीर आला. म्हटलं, हिच्यानं काय होतंय.

तिनं माझा हात इकडून तिकडून फिरवून बघितला, पाठीवरून बोटं फिरवली.

"सर, वरचे मणके फार ताठ आहेत. तिसरा-चौथा."

"चौथा," मोरू म्हणाला. "थोडा डाव्या अंगाला. झोपवून कर. हात घडी घालून."

"सर, तुम्ही स्वतः का नाही..." ती हसून म्हणायला लागली, आणि मी मध्येच म्हटलं, "घरच्या माणसाचं औषध लागू पडत नाही बाई. तू कर."

मी उताणी झोपले, छातीवर हात घडी घातले. तिची मूठ पाठीखाली आली. लिंबाएवढी मूठ, पण बसली तिथे बसली. ती माझ्यावर ओणवी झाली.

"श्वास सोडा, ताई."

मी सोडला नाही. धरून ठेवला.

"सोडा ना."

"ताय," कोपऱ्यातून मोरू म्हणाला, "श्वास सोड."

मी सोडला.

कट्.

आवाज सगळ्यांना ऐकू आला. माझ्या पाठीतून काहीतरी उघडल्यासारखं झालं, आणि पहिला श्वास कधी नव्हे इतका खोल आत गेला.

"उठा सावकाश," रेवती म्हणाली. "आता हात वर करून बघा."

मी आरशासमोर उभी राहिले. हात उचलला. तो खांद्याच्या पातळीला आला, पुढे गेला, आणि जात राहिला. मी त्याला थांबवायचं म्हटलं तोवर तो कानाला लागला होता. कळ आली नाही.

"आई गं," मी ओरडले. "दुखतंय! अजून तस्संच दुखतंय."

रेवती गोंधळली. "पण ताई, हात तर पूर्ण वर आहे."

"असेल वर. दुखतंय. काही फरक नाही. मी तरी सांगत होते, माझं खांद्यातच आहे."

मोरू माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. आरशात तो मला दिसत होता. तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता.

"ताय," तो म्हणाला, "खांदा जागेवर आहे तुझा."

"म्हणजे?"

"चोरी केली नाहीस तू. नुसता हात वर गेलाय."

"दुखतंय म्हटलं ना!"

"नाही दुखत." त्याचा आवाज अगदी साधा होता, पेशंटशी बोलतात तसा. "पाठीतच होतं. म्हटलं होतं ना तुला?"

हात तसाच वर होता. सगळं आयुष्य त्याच्याशी वाद घालण्यात गेलं होतं, आणि आता वाद घालायला काही उरलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "तुझं बरोबर होतं."

रेवतीला वाटलं मला आनंदानं रडू फुटलंय. तिनं पाण्याचा ग्लास आणून दिला, आणि म्हणाली, "सर, तुमचं निदान अगदी अचूक होतं." मोरूनं तिला थँक यू म्हटलं. मला तेव्हा ती पोरगी मुळीच आवडली नाही. बिचारीनं मला बरं केलं होतं, आणि मला तिच्या त्या घट्ट मुठीचा इतका राग आला, की मी तिचा नीट निरोपसुद्धा घेतला नाही.

पुढे मुंबईच्या तपासण्या झाल्या. नसांचा आजार निघाला, ज्यात एकेक स्नायू वाळत जातो आणि ज्याला औषध नाही. डॉक्टरांनी जसं सांगितलं, त्याच क्रमानं सगळं होत गेलं. आधी दोन्ही हात गेले, मग पाय, मग बोलणं, आणि शेवटी श्वास. मोरूला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि मला ते सांगवतही नाही. पण ते सगळं मला कळलं ते मुंबईला नाही. अलिबागला, हात वर गेला तेव्हाच कळलं.

त्या दिवशी परतताना आम्ही एसटीनं आलो. गाडीत एकच जागा रिकामी होती. मी मोरूला तिथे बसवलं. "तू बस ताय," तो म्हणाला, तर मी म्हटलं, "बस गुमान, मोठी मी आहे." तो बसला. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. अलिबाग सुटलं. भाताच्या खाचरांत पाणी भरलेलं होतं आणि मी ते बघत होते, म्हणजे बघते आहे असं दाखवत होते.

पोयनाडच्या वळणावर गाडीनं हेलकावा घेतला, आणि मी वरची दांडी धरली. पुढच्या थांब्यापर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही, की मी ती उजव्या हातानं धरली आहे. कित्येक महिन्यांत तो हात तिथवर गेला नव्हता. खाली बघितलं तर मोरू मान वर करून त्या हाताकडे बघत होता. त्याचे स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवलेले होते.

मी झटकन हात खाली घेतला आणि सीटची पाठ धरली.

"खाली का घेतलास?" त्यानं विचारलं.

"काही नाही. दमला."

"दुखत नाही ना?"

खोटं बोलायचा एवढा एकच दिवस होता आणि तो वाया गेला होता. "नाही," मी म्हटलं.

"मग धर ना वर," तो म्हणाला. "मुंबईला जाऊ सोमवारी. वैजूला मीच सांगतो. तू काही बोलू नकोस तिला." आणि मग, लहानपणी काही हवं असलं की मागायचा तसा म्हणाला, "धर की, ताय. मला बघू दे."

मी परत वरची दांडी धरली. वडखळ आलं, माणसं उतरली, त्याच्या शेजारची जागा रिकामी झाली. मी बसले नाही. पेण येईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.